मरीनाचे बावन्न आठवडे

इमारत उभी करण्याच्या धंद्यात छायाचित्राचे स्थान साक्षीदाराचे असते. त्याने सुंदर असावे अशी कोणाची अपेक्षा नसते. नेमक्या वेळी नेमक्या जागी हजर राहावे आणि जे पाहिले तेवढेच, पदरचे काही न घालता, सांगावे, यावरच त्याची किंमत ठरते. दुबई मरीनाच्या एका बांधकामावर मी निवासी अभियंता म्हणून रुजू झालो तेव्हा माझ्याकडे जी कामे सोपविण्यात आली, त्यांत दर गुरुवारी ठरलेल्या जागांवर उभे राहून, ठरलेल्या दिशेला कॅमेरा धरून, कामाच्या प्रगतीची छायाचित्रे घेणे आणि त्यांवर तारीख, मजला, ग्रिडलाइन व दिशा नमूद करून ती दप्तरी दाखल करणे हेही एक काम होते. आखातातील मोठ्या बांधकामांच्या करारांना आधार म्हणून फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची जी कलमे घेतली जातात, त्यांच्या १९९९ च्या आवृत्तीत प्रगतीच्या मासिक अहवालाबरोबर छायाचित्रे जोडलीच पाहिजेत असा दंडक आहे. आणि अमिरातीच्या दिवाणी कायद्याने इमारतीच्या मजबुतीची जबाबदारी आराखडा करणारा व बांधणारा या दोघांवर सामायिकपणे दहा वर्षे ठेवली असल्यामुळे, आज काढलेले चित्र नऊ वर्षांनी एखाद्या वादात पुराव्यादाखल मागितले जाईल, हे गृहीत धरूनच ते काढावे लागते.

या चित्रांपैकी सर्वांत जपावी लागतात ती झाकल्या जाणाऱ्या कामाची. स्लॅबच्या शटरिंगवर सळयांची जाळी बांधून तयार असते, तिच्याखाली कव्हर ब्लॉक सरकवलेले असतात, विजेच्या नळ्या तिच्या पोटातून नेलेल्या असतात, प्रत्येक जोडावर बांधणीची तार पिळून तिचे टोक आत वळवलेले असते, आणि समुद्राकडच्या दमट हवेने सळयांच्या अंगावर एका रात्रीत तांबूस गंजाचा पातळ थर धरलेला असतो. मोजपट्टी आडवी ठेवून दोन सळयांमधले अंतर चित्रात स्पष्ट वाचता येईल अशी खबरदारी घ्यायची, कारण काँक्रीट पडले की त्या सळया पुन्हा कोणाच्याही दृष्टीस पडणार नसतात. उन्हाळ्यात तर काँक्रीट रात्रीच ओततात, मिश्रणात बर्फ घालून त्याचे तापमान आटोक्यात ठेवतात, आणि पहाटेपर्यंत त्या जाळीचा मागमूस उरत नाही. कित्येक माणसांनी वाकून वाकून बांधलेली आणि तितक्याच काटेकोरपणे तपासलेली एक वस्तू यापुढे फक्त एका चित्रात शिल्लक राहणार, ही गोष्ट मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून अस्वस्थ करीत आली आहे. आणि पुढे मी स्वतःवर जो नेम घालून घेतला त्याचे मूळ त्या अस्वस्थतेतच आहे, असे मला वाटते.

कारण दप्तरातील त्या गठ्ठ्यांतून इमारत मजल्यामजल्याने वाढताना दिसे, परंतु ज्या वस्तीत ती वाढत होती ती वस्ती मात्र चित्राच्या कडेला कापली गेलेली, धूसर, नावगाव नसलेली अशी दिसे. मी त्याच वस्तीत राहत होतो. येथे कायमचे राहण्यासाठी सहसा कोणी येत नाही. व्हिसाची मुदत हीच ज्याच्या त्याच्या मुक्कामाची मुदत, आणि शेजारचा दरवाजा वर्षादोनवर्षांनी नव्या कुलपाने लागतो. अशा ठिकाणी माणूस बारा-पंधरा वर्षे काढतो आणि परत गेल्यावर त्याला विचारले की तिकडे काय पाहिलेस, तर उंच इमारतींच्या पलीकडे त्याला काही सांगता येत नाही. ज्या काटेकोरपणाने मी परक्याच्या मालकीच्या इमारतीची नोंद ठेवत होतो, त्याच्या शतांशाने तरी माझ्या वास्तव्याची नोंद व्हावी, असे मनात येऊन मी आठवड्याला एक चित्र काढण्याचा संकल्प केला. २०२४ हे वर्ष सोमवारी सुरू होत होते, त्यामुळे आठवड्यांची मोजणी सरळ बसत होती.

बावन्न आठवड्यांचा हा उपक्रम छायाचित्रकारांमध्ये जगभर रूढ आहे. कोणी दर आठवड्याला नवा विषय ठरवून घेतो, कोणी एकाच माणसाचे चित्र वर्षभर काढतो. मी माझ्या नोकरीच्या शिरस्त्यावरूनच नियम बांधले: हद्द एका बाजूला शेख झायेद मार्ग व दुसऱ्या बाजूला समुद्र यांच्या आतली, भिंग एकच, पस्तीस मिलिमीटरचे, माझ्या स्वतःच्या साइटचे चित्र वर्ज्य, आणि रविवारी रात्री एक चित्र ठेवून बाकीची सारी पुसून टाकायची. जे राहील त्याची प्रत करामामधल्या एका जुन्या स्टुडिओतून काढून आणायची, वहीत चिकटवायची आणि खाली तारीख, वेळ, वारा व जे चित्रात दिसत नाही ते दोन ओळींत लिहायचे. दुबईत या कलेला राजाश्रय आहे. शेख हमदान यांच्या नावाचा आंतरराष्ट्रीय छायाचित्र-पुरस्कार २०११ मध्ये येथे स्थापन झाला, आणि अल कूझच्या अलसरकाल अव्हेन्यूमध्ये गल्फ फोटो प्लस ही संस्था प्रदर्शने व कार्यशाळा भरवीत असते. त्या भिंतींवरील चित्रे मी अनेकदा मन लावून पाहिली आहेत. परंतु माझी वही परीक्षकांपुढे ठेवण्याचा विचार माझ्या मनात कधी आला नाही.

ज्यांनी मरीना पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावे लागेल. वाळूचा मोकळा किनारा खणून, समुद्राचे पाणी आत घेऊन, सुमारे तीन किलोमीटर लांबीचा कालवा या शतकाच्या आरंभी एमार कंपनीने येथे तयार केला, आणि त्याच्या दोन्ही तीरांवर इमारतींची दाटी उभी राहिली. कॅनडातील व्हँकूवर शहरात फॉल्स क्रीकच्या काठी जी वसाहत झाली तिचा नमुना या योजनेपुढे होता असे सांगतात. समुद्राचे पाणी असल्यामुळे कालव्याला भरती-ओहोटी आहे, आणि ओहोटीच्या वेळी काँक्रीटच्या भिंतीवर हिरवट काळी ओली रेघ उघडी पडते. रत्नागिरीच्या धक्क्यावर वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्या रेघेइतके ओळखीचे या साऱ्या वस्तीत दुसरे काही नव्हते. माझे पहिल्या आठवड्याचे चित्र त्या रेघेचेच आहे.

त्यानंतरचे काही आठवडे सोपे गेले. जानेवारीत पहाटे धुके उतरते, आणि उंचावरून काढलेली, ढगांतून इमारतींची शिखरे वर आलेली, अशी चित्रे जगभर प्रसिद्ध आहेत. मी मात्र खालीच, कालव्याच्या काठावर राहिलो, कारण खाली राहणाऱ्याला धुक्यात काय दिसते हे दाखविणारे चित्र मी पाहिले नव्हते. खाली दिसतो तो दिव्याच्या खांबाचा पिवळा गोल, त्याच्या खालून सायकलवर जाणारा डिलिव्हरीवाला, आणि चाळीस पावलांवर सगळे संपलेले जग. मग कायन टॉवर आला. ३०६ मीटर उंचीचा हा मनोरा पायथ्यापासून माथ्यापर्यंत पूर्ण नव्वद अंशांनी पिळत गेला आहे, म्हणजे प्रत्येक मजला खालच्यापेक्षा सव्वा अंशाहून किंचित कमी वळलेला; आणि २०१३ मध्ये तो पुरा होण्याआधी, २००७ साली, मरीनाची भिंत फुटून त्याच्या पायाच्या खड्ड्यात कालव्याचे पाणी शिरले होते. अभियंत्याला त्याचा पीळ जितका मोह घालतो तितकाच तो भरलेला खड्डा. परंतु पिळाचे चित्र प्रत्येक पर्यटक घेऊन जातो, आणि खड्डा तर केव्हाच झाकला गेला.

फेब्रुवारी संपेपर्यंत नजरेला सहज पडण्यासारखे सारे संपले. या उपक्रमाविषयी बोलताना लोक उत्साहाची, प्रेरणेची भाषा करतात, परंतु माझ्या अनुभवाने सांगायचे तर प्रेरणा संपल्यानंतरच तो सुरू होतो. शनिवार गेला, रविवारची दुपार झाली, कॅमेऱ्यात ठेवण्यासारखे एकही चित्र नाही, आणि मध्यरात्री मुदत संपणार. अशा वेळी माणूस जो बाहेर पडतो तो काही सुंदर सापडेल या आशेने पडत नाही, केवळ नोंद चुकू नये म्हणून पडतो, आणि तशा मनःस्थितीत त्याला जे दिसते ते तो आधी कधीच पाहत नव्हता. सक्तीला आपल्याकडे फार वाईट म्हणण्याची रीत पडली आहे. माझ्या मते आठवड्याच्या सक्तीइतका सौम्य आणि विश्वासू शिक्षक दुसरा नाही. तो वर्षभर तुमच्या दारी येतो आणि तुमच्याकडे काही नसले तरी रागावत नाही, मात्र रिकाम्या हाताने परतही जात नाही.

अशाच एका रविवारी सावल्यांकडे माझे लक्ष गेले. कोकणात आम्हांला वर्षातून दोन दिवस असे मिळतात की सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पायाखाली नाहीशी होते. रत्नागिरीला पहिला मेच्या पहिल्या पंधरवड्यात येतो, दुसरा ऑगस्टच्या आरंभी, आणि तो बहुधा ढगांत जातो. दुबई कर्कवृत्ताच्या उत्तरेला दीड-पावणेदोन अंश आहे, त्यामुळे येथे तो दिवस कधीच येत नाही. २१ जूनलासुद्धा मध्यान्ही, जो येथे घड्याळाप्रमाणे सुमारे बारा वाजून वीस मिनिटांनी होतो, सावली थोडी उरतेच. मी हिशेब मांडला तेव्हा ३०६ मीटरच्या मनोऱ्याची त्या क्षणाची सावली जेमतेम नऊ मीटर निघाली, आणि डिसेंबरच्या अयनदिनी त्याच वेळेची सावली जवळजवळ साडेतीनशे मीटर. एवढे अंतर एका वर्षात कापणारी ही वस्तू रोज माझ्या वाटेत पडत होती. त्या दिवसापासून मी एक फरसबंद चौक धरून ठेवला आणि प्रत्येक ऋतूत एकदा त्याचे चित्र घेतले. उन्हाळ्यात त्यात बसायला कोणी नाही, हिवाळ्यात सावलीतली बाके रिकामी आणि उन्हातली भरलेली, असा उलटा न्याय त्या चार चित्रांत आपोआप उमटला आहे.

एप्रिलच्या सोळा तारखेचा पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे. १९४९ पासूनच्या नोंदींत देशात असा पाऊस झाला नव्हता. अल ऐनजवळच्या खत्म अल शक्ला येथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पडला. आमच्याकडे जुलैत एवढा पाऊस झाला तर दुसऱ्या दिवशी मुले छत्र्या घेऊन शाळेत जातात, परंतु जेथे वर्षानुवर्षे पाण्याला वाहून जाण्याची वाट लागतच नाही तेथे ते जेथे पडते तेथेच बसून राहते. साइटच्या तळघरात पंप लावून आम्ही दोन रात्री काढल्या, आणि त्या पाण्याची सगळी चित्रे दप्तरात गेली. माझ्या वहीत त्या आठवड्याचे जे चित्र आहे ते पाण्याचे नाही. पाऊस थांबल्यानंतरच्या स्वच्छ सकाळी पदपथावरून टँकरचे जाड नळ आडवेतिडवे पसरले होते, आणि त्यांवरून एक वृद्ध अरब गृहस्थ आपला पांढरा कंदुरा दोन्ही हातांनी थोडा उचलून, एकेक नळ ओलांडीत, मशिदीकडे चालले होते. मी पुढे जाऊन परवानगी विचारली. त्यांनी माझ्याकडे पाहिले, कंदुरा खाली सोडला, नीट झटकला, आणि मग मान डोलावली. चित्रात ते सरळ उभे आहेत आणि नळ त्यांच्या पायांशी आहेत.

परवानगीची ही बाब सविस्तर सांगितली पाहिजे, कारण वर्षाच्या उत्तरार्धात माझ्या चित्रांना जे वळण लागले ते तिच्यामुळेच. अमिरातीत दुसऱ्याचे छायाचित्र त्याच्या संमतीवाचून घेणे हा गुन्हा आहे. २०२१ च्या सायबर गुन्ह्यांविषयीच्या संघीय कायद्यात त्यासाठी कैद व दंड दोन्ही सांगितले आहेत. रस्त्यावरच्या माणसाला नकळत टिपणे ही ज्या कलेची शान मानली जाते तिला हा कायदा जाचक वाटतो, आणि येथले अनेक हौशी छायाचित्रकार म्हणूनच इमारतींकडे वळतात. आरंभी मीही तेच केले. परंतु माणसांवाचून वही भरत चालली तसतशी ती मला आमच्या दप्तरातल्या गठ्ठ्यांसारखी दिसू लागली, आणि मग विचारण्यावाचून मार्ग राहिला नाही. विचारायचे म्हणजे थांबावे लागते, नाव सांगावे लागते, चित्र कशासाठी हवे हे समजेल अशा भाषेत सांगावे लागते, आणि समोरचा नको म्हणाला तर आभार मानून निघावे लागते. या सगळ्यात आठवडा निघून जातो. हरवते ते काय, तर त्या माणसाचा बेसावध क्षण. आणि तो क्षण माझ्या मालकीचा होता असे मला आता वाटत नाही.

१५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरची कामे बंद ठेवण्याचा येथे सरकारी हुकूम आहे. त्या वेळात कालव्याकाठच्या बागांत काम करणारे कामगार मेट्रोच्या पादचारी पुलाच्या सावलीत येऊन आडवे होतात. बूट काढून उशाशी ठेवलेले, डोक्याला बांधलेले फडके चेहऱ्यावर ओढलेले, पाण्याच्या बाटल्या ओल्या कापडात गुंडाळून भिंतीच्या कडेला ओळीने लावलेल्या, आणि जमिनीवर, डोकी ठेवलेल्या जागी, घामाचे लहान लहान ओले गोल. मी जुलैच्या एका शुक्रवारी अर्धी सुट्टी साधून तेथे गेलो आणि जे जागे होते त्यांना विचारले. बहुतेकांनी हसून होकार दिला. एक तरुण मात्र उठून बसला. तो निजामाबाद जिल्ह्यातल्या बोधनच्या बाजूचा, म्हणजे आमच्या नांदेडला लागून असलेल्या मुलखातला; माझी मराठी ऐकून त्याने मराठीतच उत्तर दिले.

“निजलेला फोटो नको, साहेब. आई बघंल.”

मी म्हटले, हे चित्र मी कोठे पाठवणार नाही, माझ्या वहीतच राहील.

“तरी नको. उभा काढा. बूट घालतो.”

त्याने बूट घातले, नाड्या बांधल्या, फडके झटकून डोक्याला गुंडाळले, पुलाच्या सावलीतून दोन पावले उन्हात आला आणि तेथे, हात बाजूला सरळ ठेवून, उभा राहिला. उन्हात नको, सावलीतच उभा राहा, असे मी दोनदा सांगितले. पण उन्हात फोटो चांगला येतो हे त्याने ठरवून टाकले होते. चेहऱ्यावर फडक्याची काळी छाया पडून डोळे दिसेनासे होतील म्हणून मी गुडघ्यावर बसलो, म्हणजे फरसबंदीवरून परतणारा प्रकाश त्याच्या हनुवटीखालून वर जाईल अशी जागा मिळाली. चित्र उत्तम आले, आणि ते मी त्याच्या मोबाइलवर पाठविले, शिवाय प्रतही दिली. झोपलेल्या माणसांचे जे चित्र मी मनात योजून गेलो होतो ते पाहणाऱ्याच्या मनात दया उत्पन्न करणारे झाले असते, यात मला शंका नाही. परंतु आपल्याविषयी कोणाच्या मनात काय उत्पन्न व्हावे हे ठरविण्याचा पहिला हक्क त्याचा होता, आणि त्याने तो बजावला.

ऑगस्टमध्ये बाहेर हिंडणे कठीणच. खोलीतल्या गारव्यातून कॅमेरा बाहेर नेला की भिंगावर क्षणात दव धरते आणि ते निघून जाईपर्यंत पंधरा-वीस मिनिटे थांबावे लागते; पुसले तरी पुन्हा धरते. पहाटे घराच्या खिडकीच्या काचेवरही तेच दव असते, पण बाहेरच्या बाजूने, कारण गारवा आत आणि ओलावा बाहेर. ती काच पाहून मला योसेफ सुदेक या प्राग शहरातल्या छायाचित्रकाराची आठवण होई. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला होता. अवजड कॅमेरा एका हाताने सांभाळीत त्याने १९४० ते १९५४ या काळात आपल्या स्टुडिओच्या खिडकीचीच चित्रे काढली, त्यांतली पहिली काही वर्षे बाहेर नाझींचा अंमल होता आणि आत काचेवर दव होते. त्याच्या काचेवरचे दव आतल्या माणसाच्या श्वासाचे आणि उबेचे. माझ्या काचेवरचे बाहेरच्या समुद्राचे, आणि त्याला माझा हात पोचत नव्हता, कारण एकविसाव्या मजल्यावरची ती काच उघडत नाही. मी ऑगस्टचे चारही आठवडे त्याच एका काचेला दिले. एका चित्रात थेंब ओघळून जो उभा पट्टा मोकळा झाला त्यातून खालची ट्राम नेमकी जाताना दिसते. त्यासाठी तीन पहाटे मी खुर्ची टाकून बसलो होतो, आणि घरची माणसे दिवा न लावता माझ्यामागून स्वयंपाकघरात जात होती.

सप्टेंबर-ऑक्टोबरविषयी विशेष सांगण्यासारखे नाही. गणपतीच्या आठवड्यात, ७ सप्टेंबरला प्रतिष्ठापना झाल्यावर, लिफ्टजवळच्या चपलांचे चित्र घेतले. आमच्या मजल्यावर इतक्या चपला एरवी कधी नसतात.

नोव्हेंबरात हवा उतरली आणि संध्याकाळच्या सफरींच्या लाकडी गलबतांभोवती पुन्हा गर्दी होऊ लागली. त्यांपैकी एकावर दाभोळच्या बाजूचे एक वयस्क खलाशी होते; दापोली, खेड, चिपळूणकडची पुष्कळ कोकणी मुसलमान कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आखातात आहेत, त्यांपैकीच ते एक. मी रत्नागिरीचा म्हटल्यावर त्यांनी मला धक्क्यावर बसवून चहा पाजला. चाचा, तुमचे एक चित्र घेऊ का, असे विचारले तेव्हा ते म्हणाले, “माझा कशाला? दोराचा घ्या. बोट त्यानं धरलीय.” मग त्यांनी तो दोर लोखंडी खुंट्यावर कसा टाकायचा, पाणी चढता-उतरताना तो किती ढिला सोडायचा आणि किती ओढायचा, हे करून दाखविले. त्या आठवड्याचे चित्र त्यांच्या दोन हातांचे आणि दोराचे आहे. अंगठ्याच्या मुळाशी दोराने कातडी इतकी गुळगुळीत झाली आहे की तेथे दिव्याचा प्रकाश चमकतो. प्रत घेऊन मी दोन आठवड्यांनी गेलो तेव्हा ते कायमचे घरी परतले होते. गलबतावर नवीन मुलगा होता, त्याला त्यांचा पत्ता माहीत नव्हता.

२ डिसेंबर हा येथला राष्ट्रीय दिन. त्या दिवशी जे एक चित्र या देशात जागोजागी दिसते, १९७१ साली संघराज्याच्या स्थापनेच्या वेळी ध्वजाखाली उभ्या असलेल्या राज्यकर्त्यांचे, ते रमेश शुक्ल यांनी काढलेले आहे. १९६५ साली ते मुंबईहून येथे आले, आणि त्यांच्या हाती रॉलीकॉर्ड कॅमेरा होता, ज्यात एका फिल्मवर बाराच चित्रे बसतात. बारा चित्रांच्या हिशेबाने चालणाऱ्या माणसाने एका राष्ट्राचा जन्म नेमका टिपला, याचे मला आश्चर्य वाटत नाही. मुंबईच्या माणसाला ही विद्या नवी नव्हती. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या पहिल्या पिढीतले नाणावलेले छायाचित्रकार होते. त्यांनी घेतलेली माणसांची चित्रे पाहताना मला नेहमी वाटते की त्या काळच्या दीर्घ वेळेच्या छायाचित्रणात नकळत टिपणे शक्यच नव्हते. समोरच्याला स्थिर उभे राहण्याची विनंती करावीच लागे, आणि तो उभा राहिला म्हणजे त्याची संमती चित्रातच येई.

शेवटच्या आठवड्यात ब्लूवॉटर्स बेटावरचे ‘ऐन दुबई’ हे अडीचशे मीटरांचे चक्र, जे मार्च २०२२ पासून बंद होते आणि माझ्या वर्षभराच्या कित्येक चित्रांत मागे स्तब्ध उभे आहे, पुन्हा फिरू लागले. त्याचे चित्र काढायला काठावर पुष्कळ लोक आले होते. मी वहीतले शेवटचे पान पुलाखालच्या बागकामगारांच्या जागेला दिले. तेथे हिवाळ्यात कोणी नसते, फक्त भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या पाठीच्या उंचीवर, तेलकट काळसर पट्टा राहिला आहे. तो पट्टा जानेवारीत रंगवून टाकणार असल्याचे तेथील पर्यवेक्षकाकडून मला कळले होते.

वर्षाच्या अखेरीस वहीत बावन्न पाने भरली, परंतु सगळ्या पानांवर चित्रे नाहीत. ज्यांची होती त्यांनी मागितली तेव्हा मी ती काढून दिली, आणि दुसरी प्रत करण्याचे मुद्दामच टाळले; तेथे आता खालच्या दोन ओळी आणि डिंकाचे चार कोपरे आहेत. २०२५ साठी मी हद्द बदलली आहे. आता बर दुबई व देरा यांच्यामधल्या खाडीचे दोन्ही काठ धरले आहेत, जेथे माणसे अब्रा या होड्यांत बसून या तीराहून त्या तीराला कामावर जातात. भिंग तेच, आठवडा तोच, परवानगीचा नियमही तोच. फक्त एक कलम नवे घातले आहे: ज्याचे चित्र घेतले त्याला प्रत त्याच आठवड्यात, रविवारच्या आत, हातात पोचवायची, आणि त्याच्या गावाचा पत्ता चित्र घेण्याआधी विचारून ठेवायचा.